घर तुमचं, सातबारा त्यांचा

सर्वप्रथम अभिनंदन. कोकणात घर झालं. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागे पाच हापूसची कलमं, पुढे झोपाळा आणि गेटावर 'विसावा' अशी पाटी. वास्तुशांतीचं जेवणही झकास होतं. (सोलकढी जरा पातळ होती, पण तो विषय आत्ता नको.) तुमच्या घराची चावी माझ्याकडे असते. वाडीतल्या आणखी चार बंगल्यांच्याही चाव्या माझ्याच खुंटीला आहेत. त्यामुळे ठाण्या-पुण्याहून मला फोन येत असतात, आणि निम्म्याहून अधिक फोनांचा विषय एकच असतो. किडे. "अहो, तुमच्याकडे हे असं नेहमीच असतं का?" यातल्या 'तुमच्याकडे'वर जो जोर असतो तो मला फार आवडतो. घर तुमचं, डोंगर तुमचा, सूर्यास्त तुमचा. किडे तेवढे आमच्याकडचे.

तर दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून देतो. या सूचना मनोभावे पाळा, मग घरात कशाचीही उणीव भासणार नाही.

सुरुवात कोळ्यांपासून करा. आल्याआल्या बॅगा उघडायच्याही आधी केरसुणी घेऊन घरातले सगळे कोळी मारा. विशेषतः तो बाथरूममधला. तळहाताएवढा, मातकट, अंगाने चपटा, पाय खेकड्यासारखे आडवे पसरून भिंतीला चिकटलेला. तो जाळं विणत नाही, म्हणजे उघडच कामचुकार आहे. दिवसभर आरशामागे पडून राहतो आणि रात्री हिंडतो. यातली बाई असेल तर कधीकधी पोटाखाली एक पांढरी चपटी चकती धरून फिरताना दिसेल, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. ती अंड्यांची पिशवी. ती घेऊन बाई भिंतीभिंतीने अशी सावकाश चालते की गरोदर बाईला एसटीत जागा देतो तशी आपणही तिला वाट द्यावी असं वाटतं. तुम्ही देऊ नका. एका फटक्यात दोन पिढ्या जातात.

खरं सांगायचं तर मीही विसाव्या वर्षी अशीच केरसुणी उचलली होती. आई चुलीपाशी बसली होती, तिने मानही वर केली नाही. "रवांदे तेका," म्हणाली, "झुरळां खाता ता." त्या रात्री उशिरा पाण्याला उठलो तर मोरीच्या कोपऱ्यात तो बसलेला. टॉर्च मारला. तोंडात झुरळ होतं. झुरळाची एक मिशी अजून हलत होती, रेडिओची एरियल कुणीतरी हलकेच फिरवावी तशी. मी टॉर्च बंद केला आणि पाणी न पिताच झोपलो. पण आमची आई जुन्या वळणाची, तिचं काय मनावर घ्यायचं. तुम्ही मारा. आठवड्याभरात झुरळं वाढतील, मग झुरळांसाठी गावातून फवारणीवाला बोलवा. त्याच्या फवाऱ्याने पाली कमी होतील, पाली कमी झाल्या की दिव्याखालची पाखरं वाढतील, मग पाखरांसाठी तो निळा चटचट वाजणारा दिवा घ्या. हा सगळा खर्च मिळून केरसुणीच्या किमतीच्या कित्येक पट वरच जातो, पण घर म्हटलं की खर्च आलाच.

तुमच्या सौभाग्यवती परवा म्हणाल्या, "ठाण्याला आमच्याकडे असलं काही नाही बाई." त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की ठाणे-कल्याण परिसरातच उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. २०२१ मध्ये तिचं नाव जाहीर झालं, 'इसियस तुकारामी'. छातीवर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून देणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून. म्हणजे विज्ञानाला जो कोळी ठाऊक नव्हता तो तुमच्याच जिल्ह्यात उड्या मारत होता आणि तुम्ही कोळी बघायला एवढा प्रवास करून इथे येता.

आता दिवे. गावात अंधार फार, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तेव्हा पडवीत, खळ्यात, गेटावर आणि प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी पांढरेशुभ्र हॅलोजन लावा आणि रात्रभर चालू ठेवा. पिवळा मंद दिवा लावला तर किडे कमी येतात, म्हणून तो अजिबात नको. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी तर एकही बटण बंद ठेवू नका. जमिनीतून वाळवीची पाखरं निघतील. आधी दोन-चार, मग मूठभर, मग असा लोंढा की ताटातला भात आणि पाखरं वेगळी काढता येऊ नयेत. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं असं आपण म्हणतो. वाळवीला पंख फुटले की तुमच्या कपाटाचं मरण जवळ आलं असं समजायचं. त्या दिवशी जेवण राहू द्या, पण लादीवर बसून जरा निरखून बघा. पाखरं खाली उतरतात, अंगाला झटका देऊन पंख टाकतात, आणि मग मादी पुढे, नर तिच्या मागोमाग जवळजवळ चिकटून, अशी एकेक जोडी भिंतीच्या कडेने घर शोधायला निघते. हुबेहूब तुम्ही उभयता प्लॉट बघायला आला होतात तशी. सकाळी केरात नुसते पंखच पंख. सुपलीभर. मधली जोडपी कुठे गेली ते चार-पाच वर्षांनी तुमचं मॉड्युलर किचन सांगेल.

"जुन्या घरांना नाही ती लागायची वाळवी?" असा प्रश्न तुम्ही एकदा विचारला होता. लागायची. पण जुन्या घरात चूल दोन्ही वेळ धुरायची, धूर कौलांतून झिरपत वाशांना काळाकुळकुळीत लेप देत बाहेर पडायचा. आम्ही पोरं खोकायचो आणि किडेही पळायचे. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायचे, हाताला लागलं तर कातडी सोलवटून निघेल असं. सारवण व्हायचं, माणसं रोज त्या घरात राहायची. तुम्ही धूर बंद केलात, भिंती गुळगुळीत केल्यात, खाली भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं बसवलीत आणि घराला कुलूप लावून अकरा महिने निघून गेलात. वाळवीने असा यजमान कधी पाहिला नव्हता.

बांधकामातून उरलेले चिरे फेकू नका. बाथरूमच्या मागच्या भिंतीला टेकून रचून ठेवा, वर नारळाची सोडणं टाका. विंचवाला याहून चांगली सोसायटी मिळणार नाही. झुरळं आणि रातकिडे तुम्ही आधीच पुरवलेले आहेत, तेव्हा त्याची जेवणाची सोयही झाली. रात्री पडवीत काढून ठेवलेले बूट सकाळी न झटकता घाला. झटकणं हे गावंढळपणाचं लक्षण आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो, तो अंधारात विंचवावर धरला तर विंचू हिरवट चमकतो. म्हणून असला दिवा घरात आणू नका. उगाच आकडा कळेल.

इथे मात्र थट्टा क्षणभर बाजूला ठेवतो. आमच्या भागातला लाल विंचू लहान दिसतो आणि माणूस मारतो. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी मांत्रिक उतरवायचा, आणि कधी विंचू उतरायचा, कधी माणूस. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले आणि मूळचं रक्तदाबाचं असलेलं प्राझोसिन हे औषध त्यांच्यावर वापरून दाखवलं. गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीस जायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा चावला तर इंटरनेटवर उपाय शोधत बसू नका, मला हाक मारा. रिक्षा आहे. बाकीची थट्टा पुढे चालू.

कलमांवर तांबड्या मुंग्या दिसतील. आम्ही हुमले म्हणतो. पानं एकमेकांना जोडून चेंडूएवढं घरटं करतात. एक फळी पानांच्या कडा ओढून धरते, दुसरी फळी स्वतःच्या अळ्या तोंडात धरून हातमागाच्या धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवते, धागा अळीच्या तोंडातून येतो. बालमजुरीचा याहून सुबक नमुना मी पाहिलेला नाही. झाडावर चढणाऱ्या दुसऱ्या बहुतेक किड्यांना हुमले फाडून खातात. मात्र तुम्ही फोटोसाठी झाडाला टेकलात की तुम्हालाही चावतात, म्हणजे त्यांना पाहुण्यांची रीत कळत नाही. पंप लावून झाड धुऊन काढा. पुढे मोहोरावर तुडतुडे आले की पुन्हा पंप लावा. आणि नंतर कधी ओडिशाला सहलीला जाल तेव्हा मयूरभंजची लाल मुंग्यांची चटणी जरूर मागवा. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे आता ती खायला हरकत नाही.

काजव्यांबद्दल तुम्ही दोन वर्षं विचारताय. "पूर्वी इथे काजवे असायचे म्हणे?" असायचे. तुमच्या प्लॉटवरच असायचे, त्या आंब्याखाली, जिथे आता पेव्हर ब्लॉक आहेत. काजवा हा भुंगेऱ्याच्या जातीचा. त्याची अळी ओल्या पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पानांत, राहून गोगलगायी खाते. तुम्ही पातेरा दर रविवारी गोळा करून जाळायला लावता, कारण तो 'अनहायजिनिक' दिसतो. त्यातूनही एखादा वाचलाच, पंख फुटून वर आलाच, तर तो बिचारा मादीला दिव्याने खूण करतो आणि तिकडे तुमचा गेटावरचा हॅलोजन. लग्नाच्या मांडवात दहा लाउडस्पीकर लावून कोपऱ्यात कुणी हळूच "अगं ऐकलंस का" म्हणावं, तशी त्याची गत. पण काळजी नको. पावसाच्या तोंडाशी भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला काजवे बघायला जाता येतं. गाडी करा, मुक्कामाचे पैसे भरा, रांगेत उभे राहा, मोबाइलचा टॉर्च लावून काजवे शोधा. मग परत येऊन मला व्हिडिओ दाखवा. मी दर वर्षी बघतो.

शेवटी कुंभारीण, कारण हा विषय तुमच्या थेट कामाचा आहे. लांबट, कंबर दोऱ्यासारखी बारीक, तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन येणारी माशी. ती कानाशी गुणगुणत मातीचं घर लिंपते. आत अळ्या नाहीतर कोळी आणून भरते, नांगी मारून लुळे केलेले पण जिवंत, म्हणजे मांस नासत नाही. फ्रिज तुम्हाला आता मिळाला, तिच्याकडे केव्हाचा आहे. वर एक अंडं घालते, तोंड बंद करते आणि निघून जाते. आपल्या कीर्तनकारांनी या बाईचा फार गौरव केलाय. कीटकभृंग न्याय: किडा भृंगीच्या, म्हणजे हिच्याच, ध्यानाने स्वतःच भृंगी होतो, तसा भक्त देवाच्या ध्यानाने देव. लहानपणी मी हे कीर्तन ऐकून भारावून एक मातीचं घर फोडलं होतं. आत ध्यान वगैरे काही चाललेलं नव्हतं. एक पांढरी अळी एका कोळ्याला खात होती, आणि कोळ्याचा एक पाय थरथरत होता. भृंगी बाहेर येते हे खरं, किडा आत जातो हेही खरं, मधला प्रवास तेवढा बुवांनी सोडून दिला होता.

तिला मातीचं घर लिंपायला भोकं आवडतात. प्लगची, पाइपाची, कुलपाची.

तर मूळ मुद्दा असा, की गणपतीला तुम्ही सहकुटुंब येताय असा निरोप मिळाला. स्वागत आहे. चावी माझ्याकडे नीट आहे, तेल लावून ठेवलीय. काल घर उघडून हवा खेळवावी म्हणून गेलो होतो. 'विसावा'च्या मुख्य दाराच्या कुलपात चावी अर्ध्यावरच अडते. भोक आतून मातीने गच्च लिंपलेलं आहे, काम ताजं आहे, बोट लावलं तर अजून ओल लागते. सुई घालून कोरावं म्हटलं, पण आई ओरडली. आत पिल्लू आहे म्हणाली. मागच्या दाराला कडी आतून आहे, ती तुम्हीच लावून गेलात. खिडक्यांना ग्रिल.

तेव्हा तिकिटं एवढ्यात काढू नका. पिल्लू बाहेर पडलं की फोन करतो.