एकोणिसाव्या वर्षाचा गुन्हा आणि वडिलांची रायफल

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार सुरू होते. नऊ दिवस. गणपतीला मुंबईतली कोकणी माणसं जशी गावाकडे धावतात, तशी इथली माणसं उत्तरेच्या जंगलातल्या केबिनकडे निघतात. पहाटे चारला पेट्रोल पंपावर नारिंगी जॅकेटांची रांग असते आणि आमच्या कारखान्यात निम्मी शिफ्ट रजेवर.

माझ्या शेजारच्या मशीनवरचा सहकारी मात्र त्या शनिवारी घरीच असतो. एकोणिसाव्या वर्षी त्याने मित्राबरोबर एक बंद कॉटेज फोडून टीव्ही आणि दारूच्या बाटल्या चोरल्या. घरफोडी म्हणजे इथे फेलनी, गंभीर गुन्हा. शिक्षा भोगली, प्रोबेशन म्हणजे देखरेखीची मुदत संपली, आता पन्नाशी आली. मतदानाचा हक्क शिक्षा पुरी होताच परत मिळाला. बंदूक मात्र जन्मभर बंद. धनुष्य किंवा क्रॉसबो घेऊन शिकारीला जाता येतं, तेवढं तो जातो. वडिलांची रायफल भावाकडे आहे. केबिनवर बंदुका असतात म्हणून तो तिथे मुक्कामालाही जात नाही, कारण बंदूक हाताशी असली तरी ती 'ताब्यात' धरली जाऊ शकते, असं वकिलाने बजावलंय. भाऊच हरीण याच्या गॅरेजमध्ये आणून टांगतो. कातडं सोलण्यात याचा हात धरणारा कुणी नाही.

विस्कॉन्सिनमध्ये अशा माणसाला एकच दार उघडं आहे: गव्हर्नरची, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाची, माफी. शिक्षा संपून पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो. पण स्कॉट वॉकर गव्हर्नर होते त्या आठ वर्षांत त्यांनी एकालाही माफी दिली नाही. 2019 मध्ये टोनी एव्हर्स आले आणि त्यांनी हजाराहून जास्त दिल्या. कायदा तोच, माणसंही तीच. राजधानी मॅडिसनमध्ये खुर्चीवर कोण बसलंय यावर एखाद्याचं आयुष्य अडावं, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

अमेरिकेच्या केंद्राचा कायदाही कडकच आहे. वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा सिद्ध झाला की बंदूक गेली. पेनसिल्व्हेनियाच्या ब्रायन रेंज यांनी 1995 मध्ये फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे गरिबांना मिळणाऱ्या सरकारी अन्नमदतीसाठी, उत्पन्न कमी दाखवल्याचं कबूल केलं. रक्कम 2,458 डॉलर. ती भरली, तुरुंगात एक दिवसही गेले नाहीत, तरी बंदी जन्मभराची. त्यांना हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची होती. फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने 2023 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2024 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशा लोकांना सूट देण्याची तरतूद कायद्यात आधीपासून आहे, पण 1992 पासून तीसहून जास्त वर्षं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्या अर्जांच्या छाननीला पैसाच दिला नाही. दार ठेवायचं आणि त्याला कुलूपही घालायचं, असा हा प्रकार होता.

गावाकडचे मित्र सध्या 'आजन्म बंदी'वर हिरीरीने बोलतात. दोषी ठरलेल्या नेत्यांना निवडणूक लढवायला कायमची मनाई करा, ही मागणी आपल्या सुप्रीम कोर्टात आहे. सुटकेनंतरची सहा वर्षं पुरेत, आजन्म बंदी जाचक होईल, असं केंद्र सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं. मित्रांचा संताप मला समजतो. इथे येण्याआधी मीही त्यांच्याच बाजूने भांडलो असतो. आता 'आजन्म' हा शब्द ऐकला की ते गॅरेज डोळ्यांपुढे येतं. नेत्यांचा मुलाहिजा ठेवा असं मी म्हणत नाही. सत्ता वापरून केलेल्या गुन्ह्याला सहा वर्षं मलाही कमीच वाटतात. पण मुदत गुन्हा बघून ठरावी, आणि तिला शेवट असावा.

आपल्याच 1959 च्या शस्त्र कायद्यात ते शहाणपण आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं परवाना नाही. पुढे अर्ज करा, अधिकारी तपासून ठरवतील. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, आणि तसंच राहावं. माझा चुलतभाऊ रानडुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करतो, कुरकुरतो, पण करतो.

आणि जन्माचा शिक्का काय करतो हे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलीस अजून आधी पारध्यांच्या पालावर जातात.

बायकोला मारणाऱ्याच्या हातात बंदूक नको, याबद्दल माझं दुमत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही 2024 मध्ये घरगुती हिंसेचा मनाई हुकूम असलेल्यांवरची बंदी कायम ठेवली. पण बंद कॉटेजमधला टीव्ही चोरणारं एकोणीस वर्षांचं पोर त्या रांगेत तीस वर्षं उभं का?

माझा सहकारी सध्या माफीच्या अर्जासाठी कोर्टाचे जुने कागद गोळा करतोय. थोरली मुलगी बारा वर्षांची आहे. यंदा आजोबांची रायफल धरायला तिला काकाने शिकवलं. हा गॅरेजमध्ये दिवा लावून, सुरीला धार करून, तिची वाट बघत बसला होता.