जपानला जाताय? हॉटेलची न्याहारी सोडा, किस्सातेन गाठा

जपानला निघालेल्या मंडळींच्या फोनमध्ये हल्ली दोन याद्या असतात. एक देवळांची नि किल्ल्यांची, दुसरी रीलमध्ये बघितलेल्या कॅफेंची. माझं स्पष्ट मत सांगतो: दुसरी यादी पुसून टाका. ते कॅफे वाईट असतात असं नाही. पण ते उघडतात दहा-अकराला, दुपारभर बाहेर रांग, आत गेलात की बऱ्याच ठिकाणी बसायला दीड तासाची मर्यादा, आणि डिसेंबरात क्योतोला पावणेपाचला सूर्य मावळतो. उजेडाचे मोलाचे दोन तास एका लाट्टेसाठी फुटपाथवर गेले की संध्याकाळी देऊळ बंद झालेलं बघायचं.

त्याऐवजी सकाळी जा. आणि कॅफेत नाही, किस्सातेनमध्ये.

किस्सातेन म्हणजे शब्दशः चहा पिण्याचं दुकान, प्रत्यक्षात कॉफीचं. आपल्या किश्शाशी त्याचा संबंध नाही. पहिलं दुकान 1888 साली तोक्योच्या उएनो भागात निघालं आणि चारेक वर्षांत बुडालं. 1911 मध्ये तोक्योतल्याच गिन्झात कॅफे पाउलिस्ता आलं आणि ब्राझीलची कॉफी सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. 1981 साली देशभरात दीड लाखाहून जास्त किस्सातेन होती. 2021 मध्ये हा आकडा साठ हजारांच्या खाली गेला होता. 1980 पासून दोतोरसारख्या स्वस्त साखळ्या आल्या, 1996 मध्ये गिन्झात स्टारबक्स आलं, हे एक कारण. दुसरं साधं आहे: मालक म्हातारे झाले आणि मुलांना दुकान नको. तोक्योच्या असाकुसा भागातलं अँजेलस 1946 पासून चालू होतं, 2019 मध्ये बंद झालं. त्यामुळे ‘पुढच्या ट्रिपला बघू’ हे इथे चालत नाही.

ओळखायचं कसं? नकाशाच्या ॲपमध्ये ‘कॅफे’ टाकू नका, ‘किस्सातेन’ टाका. रस्त्यावर असाल तर तपकिरी काच, खिडकीत प्लास्टिकचे नकली सँडविच आणि हिरवा क्रीम सोडा, आणि दाराशी कॉफी पुरवणाऱ्या कंपनीच्या नावाची उभी पाटी. पाटीचा दिवा लागलेला असेल तर दुकान उघडं. आत मखमली खुर्च्या, गुडघ्याला लागेल इतकं बुटकं टेबल, वर्तमानपत्र वाचणारे आजोबा. ‘जुनकिस्सा’ लिहिलेलं असेल तर ते ‘शुद्ध’ किस्सा, म्हणजे तिथे दारू मिळत नाही.

आता न्याहारीचं गणित. हॉटेलचा बुफे माणशी दीड ते अडीच हजार येनच्या घरात जातो, आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसाच्या ताटात त्यातून भात, फळं आणि दही एवढंच पडतं. किस्सातेनमधला ‘मोर्निंगु’, म्हणजे सकाळचा न्याहारीचा सेट, साधारण पाचशे ते आठशे येन. शंभर येनला साठ रुपये धरले तर तीनशे ते पाचशे रुपये. त्यात कॉफी, जाड टोस्ट, बहुतेक वेळा उकडलेलं अंडं, कधी थोडा कोबीचा सॅलड. हॉटेल बुक करताना न्याहारीशिवायचा दर घ्या, चार जणांच्या कुटुंबाचे रोजचे चार-पाच हजार येन वाचतात.

मोर्निंगुची खरी राजधानी नागोया. सहलवाले या शहरात फक्त गाडी बदलतात, हे मला कधी कळलं नाही. तिथली रीत अशी की सकाळी कॉफीचे पैसे द्यायचे आणि टोस्ट-अंडं तसंच येतं, वेगळे पैसे नाहीत. याचं श्रेय शेजारचं इचिनोमिया शहर स्वतःकडे घेतं (तोयोहाशीवाले अर्थातच मान्य करत नाहीत). इचिनोमिया हे कापडाचं गाव. 1950 च्या दशकात माग जोरात होते, आवाजात कारखान्यात सौद्याचं बोलणंच होईना, म्हणून मालक लोक गिऱ्हाइकाला घेऊन किस्सातेनमध्ये बसायचे. दिवसातून चार-चार वेळा. दुकानदारांनी या नेहमीच्या गिऱ्हाइकांना कॉफीबरोबर अंडं आणि शेंगदाणे द्यायला सुरुवात केली. इचलकरंजी किंवा भिवंडीत माग चालू असताना कुणी बोलायचा प्रयत्न केला असेल तर त्याला हे पटायला वेळ लागणार नाही.

नागोयात मागवायचा तो ओगुरा टोस्ट. जाड पाव, लोणी आणि वर आझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण. पुरण आवडणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सारण गोड आणि लोणी खारट, म्हणून कॉफी बिनसाखरेची घ्या. तिथे पावाची जाडी लादीचे किती काप केले त्यावरून सांगतात: चार काप म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर, सहा काप म्हणजे दोन. नागोया आणि पश्चिमेकडे जाड आवडतो, तोक्योत पातळ. वेळ नसेल तर कोमेदा ही 1968 साली नागोयात सुरू झालेली साखळी आता देशभर आहे. तिथे सकाळी अकरापर्यंत कॉफीबरोबर टोस्ट मिळतो आणि सोबत उकडलेलं अंडं, अंड्याचं सारण किंवा ओगुरा यांतलं एक निवडता येतं. अंडं न खाणाऱ्याची सोय झाली.

त्याच शहरातलं कोम्पारु, 1947 पासूनचं. तिथली आइस्ड कॉफी तुम्हालाच करावी लागते. एका छोट्या कपात गरम, अतिदाट कॉफी येते आणि बाजूला बर्फाने भरलेला ग्लास. साखर हवी असेल तर आधी गरम कपात घालून ढवळायची, कारण थंडात ती विरघळत नाही. मग कप ग्लासच्या काठाला टेकवून एका दमात ओतायचा. हात आखडता घेतला की कॉफी कपाच्या बुडावरून ओघळून टेबलावर येते. बर्फ तडतडतो, कॉफी लगेच गार होते, शेवटी वरून क्रीम. पहिल्यांदा सगळ्यांचीच सांडते. वेटरला सवय आहे.

क्योतोचा सकाळचा क्रम मी असा लावीन. कियोमिझुदेरा हे देऊळ सहाला उघडतं, तेव्हा पोचा. सातपर्यंत बघून सान्नेनझाका-निनेनझाकाच्या पायऱ्या उतरा, दुकानं बंद असतात म्हणूनच त्या गल्ल्या दिसतात. मग कामोगावा नदी ओलांडून पश्चिमेला चालत पाऊण-एक तासात साकाइमाची रस्त्यावरच्या इनोदा कॉफीच्या मुख्य दुकानात. इनोदाचा धंदा 1940 पासूनचा, हे दुकान सातला उघडतं. त्यांच्या ‘अरेबियाचा मोती’ या मिश्रणात दूध-साखर आधीच घालून देण्याची पद्धत आहे. कारण असं सांगतात की गिऱ्हाइकं गप्पांत रंगायची, कॉफी निवायची आणि मग दूध नीट मिसळायचं नाही. काळी हवी असेल तर मागवतानाच सांगा. तिथे रांग दिसली तर तेरामाचीला स्मार्ट कॉफी, 1932 ची. फ्रेंच टोस्टसाठी जा. खाऊन बाहेर पडेपर्यंत पाच-दहा मिनिटांवर निशिकी बाजार उघडायला लागलेला असतो. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी न्याहारी आणि दहाला कियोमिझु, तर बसमध्ये लोंबकळत जाल आणि देवळात फक्त माणसांची डोकी बघाल.

तोक्योत यानाकातलं कायाबा कॉफी. घर 1916 चं, दुकान 1938 चं. मालकीणबाई गेल्यावर 2006 मध्ये बंद पडलं होतं, 2009 मध्ये पुन्हा सुरू झालं. अंड्याचं सँडविच घ्या, आणि ‘रशियन’ म्हणजे कॉफी आणि कोको अर्धं-अर्धं. तिथून उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय चालत जाण्यासारखं आहे. जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या गल्लीत गेलात तर साबोउरु (1955) आणि लाद्रिओ (1949) आहेत, पण ती दुपारची ठिकाणं. शिबुयातलं लायन 1926 पासून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवतं. तिथे बोलायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. सहा जणांचा ग्रुप असेल तर तिकडे जाऊच नका, सगळ्यांवर उपकार होतील.

आता अडचणी. पहिली म्हणजे धूर. एप्रिल 2020 पासून जपानमध्ये उपाहारगृहांत आत सिगारेट ओढायला बंदी आहे, पण आधीपासूनच्या लहान दुकानांना सूट मिळू शकते. अशा दुकानाच्या दारावर तसा स्टिकर लावावा लागतो. आणि जिथे धूम्रपान चालतं तिथे वीस वर्षांखालच्या कुणालाही आत घेता येत नाही, आईवडील सोबत असले तरीही. मुलांना दारातून परत पाठवलं की आपल्या लोकांना वाटतं परदेशी म्हणून हाकललं. तसं नसतं, कायदा आहे. गंमत म्हणजे ‘किस्सा’ आणि ‘धूम्रपान’ या दोन्ही जपानी शब्दांचं पहिलं चित्राक्षर एकच आहे.

दुसरी अडचण माणशी एक ऑर्डरची. दोघांत एक कॉफी इथे चालत नाही. तुम्ही कॉफीचे नाही, बसण्याचे पैसे देता, म्हणूनच ती सहाशे येनची असते आणि तासभर कुणी उठा म्हणत नाही. गार पाणी आणि हात पुसायचा ओला रुमाल न मागता येतो. तो रुमाल हातासाठीच, मानेवरून फिरवू नका. ग्रुप मोठा असेल तर दाराबाहेरच दोघा-चौघांत फुटा आणि वेगवेगळी टेबलं घ्या. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, आकाराप्रमाणे साधारण 400 ते 1000 येन पडतात. कितीतरी किस्सातेन तळघरात असतात आणि जिना एका माणसापुरता.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको असं सांगितलंत तरी हॅम येऊ शकतं, कारण कित्येकांच्या लेखी हॅम-बेकन हे ‘मांस’ नव्हेच. ‘हामु नाशी, बेकोन नाशी’ असं नाव घेऊन सांगा. केचपमधल्या नापोरितान स्पॅगेटीत सॉसेज किंवा हॅम असतंच म्हणून चाला. पिझ्झा टोस्टमध्येही बहुधा. करीच्या तयार मसाल्यात प्राणिज चरबी असते. कॉफी जेलीत बरेचदा जिलेटिन. पुरिन म्हणजे अंड्याचं कॅरॅमल कस्टर्ड. बिनधास्त घेण्यासारखं म्हणजे बटर टोस्ट, ओगुरा टोस्ट, क्रीम सोडा. ‘विन्ना कोही’ बघून दचकू नका. सॉसेजलाही ‘विन्ना’च म्हणतात, पण ही व्हिएन्नाची, वर फेटलेली साय घातलेली कॉफी.

कॉफी न पिणाऱ्यांनी ‘रोयारु मिरुकु ती’ मागवावा. दुधात चहापत्ती उकळून करतात, आपल्या चहाच्या सगळ्यांत जवळचा तोच. आलं-वेलची विसरा. कॉफीत मात्र ‘होत्तो’ म्हटलं की गरम ब्लेंड आणि ‘आमेरिकान’ म्हटलं की पातळ. फडक्याच्या गाळणीतून, थेंब थेंब पाणी सोडून काढलेली कॉफी मिळाली तर एकदा घ्याच. पाणी उकळतं नसतं, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचं, आणि जाड फलालीनमधून झिरपायला तीन-चार मिनिटं लागतात. भुकटीचा बारीक गाळ फडक्यात अडकतो पण तेल खाली उतरतं, म्हणून ती पाकासारखी दाट लागते. कपात येईतो ती चटका देण्याइतकी गरम राहिलेली नसते. ‘गरम करून द्या’ म्हणू नका, उरलीसुरली चवही जाईल. ते फडकं कधी वाळू देत नाहीत, पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात. वाळलं की मुरलेल्या तेलाला खवट वास येतो.

कॉफीबरोबर बशीत छोट्या डबीत येतं ते दूध नाही, बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं क्रीम असतं. नागोयाच्या एका कंपनीने 1976 मध्ये काढलेल्या अशा क्रीमचं नाव आहे ‘सुजाता’, बुद्धाला खीर देणारी तीच.

निघताना टेबलावरचा बिलाचा कागद उचलून गल्ल्यावर न्या. टेबलावर बसून हात हलवत बिल मागू नका, ते तुमच्यासमोर आधीच पडलेलं असतं. टिप नाही. हजाराच्या सुट्या नोटा जवळ ठेवा, जुन्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही. पैसे हातात न देता समोरच्या ट्रेमध्ये ठेवायचे. गल्ल्याशेजारी दुकानाच्या नावाच्या काडीपेट्या दिसल्या तर एक मागून घ्या, पूर्वी प्रत्येक किस्सातेनची स्वतःची असायची, आता कमी झाल्यात. फक्त विमानात चेक-इन बॅगेत काड्या चालत नाहीत, तेव्हा काड्या तिथेच काढून ठेवा आणि रिकामी पेटी आणा.