म्हणे, खिळासुद्धा ठोकता येणार नाही!

जुलै २०२५ मध्ये प्रतापगडाचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं आणि साताऱ्यात एक मेसेज फिरायला लागला. ‘आता पेठाही हेरिटेज होणार. मग घर पुरातत्त्व खात्याचं, ३०० मीटरमध्ये वीट रचायची नाही, दुकानांच्या पाट्या उतरवायच्या, घरात खिळा ठोकायचा नाही आणि वाडा पडेपर्यंत बघत बसायचं.’

युनेस्कोच्या त्या १२ किल्ल्यांत साताऱ्याचा किल्ला अजिंक्यताराही नाही, पेठा तर दूरच. ३०० मीटरचा आकडा मात्र खरा आहे, फक्त तो इथला नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर परवानगीने, अशी ही १९५८ च्या कायद्यातली २०१० ची दुरुस्ती. नगरपालिकेची वारसा यादी राज्याच्या २०२० च्या विकास नियमावलीतून, म्हणजे यूडीसीपीआरमधून, येते. तिच्यात नाव आलं म्हणून प्रॉपर्टी कार्डावरचा मालक बदलत नाही.

यादीत श्रेणी असतात. पहिलीत हात लावणं अवघड. दुसरीत आतले फेरफार बहुतेक चालतात, बाहेरचे तपासून. तिसरीत आणखी सैल. दर्शनी भागाला रंग द्यायचा तरी विचारावं लागतं, हे खरंय, आणि ते जाचक वाटू शकतं. पण वापर बदलायला बंदी नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव ज्या शाळेत दाखल झालं, ती जुन्या राजवाड्यातच भरायची.

आता पाट्या. त्या उतरवायच्या नाहीत, मापात आणि जागेवर बसवायच्या. राजपथावरून मोती चौकाकडे जाताना मान वर करून बघा. खाली दुकान, वर सागवानी सज्जा आणि नक्षीवर आडवा ठोकलेला एसीपीचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पॅनेलचा, पत्रा. पत्र्यामागे पाणी शिरलं की आपल्याकडच्या पावसाळ्यात ते लाकूड दिवाळीपर्यंत वाळत नाही. खिळ्याच्या भोकापासूनच कुजायला सुरुवात होते. तेव्हा खिळ्याची काळजी करायचीच तर ही करा. नाव चौकटीच्या वर, सुट्या अक्षरांत लिहिलं तर गिऱ्हाईक दुकान चुकत नाही. (मराठी पाटीची सक्ती दुकाने कायद्यातली, ती हेरिटेज असो-नसो पाळायचीच.)

वाडे यादीमुळे पडतात, हे तर उलटंच. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात आणि एका पावसात खण खाली येतो. यादीत नसलेल्या वाड्यांचंही हेच होतं. शिवाय भाडं इतकं जुनं, की मालकाला एक कौल बदलणं परवडत नाही. त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

भांडायचंच असेल तर परवानगी किती दिवसांत मिळणार, वारसा समितीवर कोण बसणार आणि डागडुजीला पैसे कुठून येणार, यावर भांडा. यादी पक्की करण्याआधी हरकती मागवाव्या लागतात. फॉरवर्ड केलेला मेसेज हरकत म्हणून धरत नाहीत. नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.