नावांचा घोळ आणि आवाजाची पातळी

तुमचा लेख चांगला आहे, पण त्यात वॉर्प या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या १९९२च्या 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' संकलनाला सरसकट 'डान्स अल्बम' म्हटलंय, ते पटत नाही. वेष्टनावर खुद्द कंपनीनेच 'इलेक्ट्रॉनिक लिसनिंग म्युझिक' असं छापलं होतं. चित्रातला रोबो नाचत नाही, आरामखुर्चीत पसरलाय आणि जमिनीवर क्राफ्टवर्क व पिंक फ्लॉइड या बँडच्या रेकॉर्डी पडल्या आहेत. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं?

यातले कलाकार शोधताना नावांनी गोंधळ होतो, कारण काहींनी इथे टोपणनावं वापरली आहेत. 'द डाइस मॅन' म्हणजे एफेक्स ट्विन, 'यूपी!' म्हणजे रिची हॉटिन, 'म्युझिकॉलॉजी' म्हणजे बी१२. ऑटेकर या ब्रिटिश जोडीची इथे दोन गाणी आहेत. त्यातलं 'द एग' ऐकून लगेच त्यांच्याच १९९३च्या 'इनक्युनाब्युला' अल्बमवरचं 'एगशेल' लावा. तीच कल्पना, पण बांधणी नव्याने केलेली. हा फरक कळला की पुढचं ऑटेकर जड जात नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून साधारण १५० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच येत नाही. बेस गायब होतो, नुसती हाय-हॅटची (ड्रमच्या झांजांची) टिकटिक उरते आणि मग लोक म्हणतात 'कोरडं आहे'. साधे वायरचे हेडफोनही चालतील. त्या काळच्या सीडी आजच्यापेक्षा हळू आवाजात मास्टर केलेल्या (अंतिम ध्वनिमुद्रण तयार केलेल्या) असत, तेव्हा इक्वलायझरला हात न लावता आधी आवाज वाढवा. अ‍ॅपमधला क्रॉसफेडही बंद ठेवा, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाते.