वजा १६१

नवराबायकोने एकाच दिवशी, एकाच घरात, एकाच पातेल्यातलं खाऊन डाएट सुरू करू नये. ही सूचना खरं तर लग्नाची बोलणी चालू असतानाच द्यायला हवी. पत्रिकेत नाडी बघतात, गण बघतात, मंगळ बघतात. मेटाबॉलिझम कोणी बघत नाही.

आमचं ठरलं ते सोपं होतं. दोघांनी रोज १५०० कॅलरी. भात बंद नाही, पोळी बंद नाही, दिवसातून दोनदाच पंचावन्न मिनिटांत जेवणंही नाही. (तो पंथ आमच्या इमारतीत आहे. त्या पंचावन्न मिनिटांत त्यातली काही मंडळी जे उरकतात त्याला आमच्या माहेरी पंगत म्हणतात.) नुसतं मोजून खायचं. महिन्याअखेरीस ह्यांचे तीन किलो उतरले. माझा एक, तोही सकाळी, अंघोळीआधी, बांगड्या काढून.

"अगं, मोजताना काही राहत असेल. बघ जरा," हे म्हणाले. लोकांची खाती तपासण्यात उमेदीची वर्षं गेलेला माणूस. हा सूर मी चांगला ओळखते.

मग मीही खातं उघडलं. आपण दिवसभर नुसतं छताकडे बघत पडून राहिलो तरी शरीर किती ऊर्जा जाळेल, ते काढायचं एक सूत्र आहे. मिफ्लिन, सेंट जिऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ४९८ निरोगी माणसं तपासून ते बसवलं. आहारतज्ज्ञ आजही तेच वापरतात. किलोतलं वजन गुणिले १०, त्यात सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं. इथवर स्त्री-पुरुष समानता नांदते. मग शेवटची पायरी येते. पुरुष असाल तर अधिक ५. बाई असाल तर वजा १६१.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांना वर पाच आणि आपले १६१ कापून! म्हणजे वजन, उंची, वय सगळं तंतोतंत तेच असलं तरी बाईमाणूस रोज १६६ कॅलरींनी मागे. दोन फुलके. रोजचे दोन फुलके, जन्मभर. आणि यातल्या सेंट जिऑर या बाई बरं का! बाई, तुम्ही तरी जरा हात आखडता घ्यायचा होता.

आकडे घातले. मी ७४ किलो, १५५ सेंटिमीटर, वय ४६: उत्तर १३१८. हे ८४ किलो, १७२ सेंटिमीटर, वय ५०: उत्तर १६७०. बैठं काम आणि थोडंफार चालणं धरून १.३७५ ने गुणलं की मला दिवसाला १८१२ मंजूर, ह्यांना २२९६. दोघांनीही १५०० खाल्ल्या तर माझी तूट ३१२ आणि ह्यांची ७९६. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. ह्यांचा किलो दहा दिवसांच्या आत विरघळतो, माझ्याला पंचवीस दिवस लागतात. कागद मी फ्रिजवर चिकटवला. "सही-शिक्का राहिलाय," एवढंच हे म्हणाले.

या वजा १६१ मागे मुख्यतः स्नायू आहेत. सारख्या वजनाच्या बाईत स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि चरबी ही अगदी काटकसरी भाडेकरू. किलोभर स्नायू स्वस्थ बसून दिवसाला तेरा-एक कॅलरी जाळतो, किलोभर चरबी साडेचारच्या आसपास. त्यातून आपण भारतीय. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ असणाऱ्यांचीच ही गत, तर आमच्यासारख्यांच्या फोटोला कोण विचारतो.

खरे उधळे म्हणजे यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं. विश्रांतीतल्या खर्चापैकी निम्म्याहून जास्त खर्च ही चौघं करतात. एकट्या मेंदूचा वाटा वीस टक्क्यांच्या घरात. हे वाचून मला क्षणभर आशा वाटली. उद्या डब्याला काय, दुधाचं बिल, सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याचा प्रोजेक्ट हे सगळं एकाच वेळी डोक्यात फिरवणाऱ्या बाईची चरबी दुपारपर्यंत झडायला हवी. पण मेंदू जास्त चालवला म्हणून खर्च फारसा वाढत नाही. तो रिकामा असला तरी बिल तेवढंच येतं.

तरीही 'काही राहत असेल' हे डोक्यातून जाईना. मी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. सासूबाईंनी कणकेचा गोळा काट्यावर चढताना पाहिला आणि विचारलं, "पोळ्या करतेयस की पाटल्या घडवतेयस?"

सासूबाई पोळीला तूप लावतात ते बघण्यासारखं असतं. तव्यावरून पोळी उतरली की चमचा तुपात बुडतो, मधोमध टेकतो आणि गोल गोल फिरत कडेपर्यंत जातो. कडेला पोचल्यावर त्यांना वाटतं, मध्ये कोरडं राहिलं. परत चमचा. मी एकदा तुपाचं भांडं आधी आणि नंतर काट्यावर ठेवलं. चार पोळ्यांना ३० ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी धरा, २७० झाल्या. माझ्या दिवसभराच्या तुटीतली बहुतेक तूट चमच्याच्या चार फेऱ्यांत भरून निघत होती.

"आई, अहो, किती हे तूप!"

"तुपाने कोणी लठ्ठ होत नाही. लठ्ठ होतं ते मोजून खाल्ल्याने. दृष्ट लागते."

तूप निदान दिसतं तरी. घरच्या बाईच्या पोटात जे न दिसणारं जातं त्याचा रकाना कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही. धाकट्याने टाकलेली अर्धी पोळी. फ्रिजमध्ये ठेवायला फारच कमी आणि टाकायला फारच जास्त अशी उसळ. मीठ बघायला घेतलेला पहिला घास आणि मीठ घातल्यावर घेतलेला दुसरा. अन्न टाकू नये हे आम्हाला लहानपणी शिकवलं. ते कोणाच्या पोटात टाकावं हे न सांगताही कळलं. एकादशीची तर गोष्टच काढू नका. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, एक बटाटा आणि वीस ग्रॅम तूप एवढ्या बशीभर उपवासाच्या सहाशेच्या वर कॅलरी होतात. दुप्पट खाशी म्हणणारे काटा न लावताच बरोबर बोलून गेले.

ह्यांनी तेवढ्यात १९९२ चा एक अमेरिकी अभ्यास शोधून काढला आणि चहाच्या वेळी मोठ्याने वाचला. 'आम्ही बाराशेसुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांना जड अणूंचं खास पाणी पाजून त्यांचा खरा खर्च मोजला. मेटाबॉलिझम व्यवस्थित निघाला. खाल्लेल्यातलं सरासरी ४७ टक्के त्यांनी सांगितलंच नव्हतं आणि व्यायाम मात्र दीडपट सांगितला होता. वाचताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही.

मी शेवटचं हत्यार काढलं: चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो. आमच्या घराण्यात आत्या, मावश्या, काकवा सगळ्यांनी ते वापरलंय. पण २०२१ साली 'सायन्स'मध्ये सहा हजारांहून जास्त माणसांची मोजमापं आली, आठ दिवसांच्या तान्ह्यापासून पंचाण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केला तर वीस ते साठ वर्षांपर्यंत हा खर्च जवळपास जागचा हलत नाही. साठीनंतर उतरतो, तोही वर्षाला एखाद टक्क्याहून कमी. तीन पिढ्यांचं हत्यार एका दुपारी भंगारात.

माझ्या बाजूने उभं राहिलं ते शेवटी शरीरच. ते आमच्या सोसायटीच्या खजिनदारांसारखं वागतं. मेंटेनन्सची जमा जरा घटली की ते भांडत नाहीत, नोटीस लावत नाहीत. एक दिवस जिन्यातला एकाआड एक दिवा गेलेला असतो, मग लिफ्टमधला पंखा, मग बागेचं पाणी दिवसाआड. जेवण कमी केलं की शरीरही असंच गुपचूप आवरतं घेतं. वजन उतरल्यामुळे खर्च घटतो तो वेगळा, त्यावर ही वाढीव कपात. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटात छत्तीस तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना थंडी वाजायची, जिना चढणं नको व्हायचं, आणि ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मी रात्री अंथरुणात पुरणपोळीचे व्हिडिओ बघते त्याला आता इतिहासाचा पाठिंबा आहे. तिकडच्या एका टीव्ही स्पर्धेत वजन घटवलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज पाचशेच्या आसपास कॅलरींनी कमीच होता. बऱ्याच जणांचं वजन परत आलं, तरी त्यांच्या खजिनदाराने दिवे काही लावले नाहीत.

चौथ्या महिन्यात ह्यांचा काटा ७६ वर अडला. मी काहीच बोलले नाही. सूत्राप्रमाणे आठ किलो गेले म्हणजे पडल्या पडल्या होणारा खर्चही ऐंशीने गेला, हे मला आधीच ठाऊक होतं. पण सूत्रात न लिहिलेली गोष्टही मी रोज बघत होते. फोन आला की हे पूर्वी उठायचे. हॉल, गॅलरी, परत हॉल अशा येरझाऱ्या घालत साहेबांशी बोलायचे. हल्ली फोन वाजला की आधी उशी पाठीशी घेतात. पाय हलवायची सवय होती, तीही गेली. रिमोट आणायला धाकट्याला हाक मारतात.

"मोजताना काही राहत असेल का गं?" परवा ह्यांनीच विचारलं, जरा हळू आवाजात.

मी उत्तर देणार तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांचंही लक्ष होतं तर. "हा हल्ली बसून फोनवर बोलतो," त्या मला म्हणाल्या. "अशक्तपणा आलाय त्याला. आजपासून त्याच्या पोळीला तूप मी लावीन. तू त्या काट्यावर तुझं तुझं मोज."