एकच विमान पाडणारा वैमानिक

अमेरिकेचे कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक चार्ल्स मॅकगी यांच्या नावावर दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे एकच विमान पाडल्याची नोंद आहे. त्याच महायुद्धात रिचर्ड बाँग या अमेरिकन वैमानिकाने 40 विमाने पाडली, आणि लढाऊ वैमानिकाची थोरवी अशाच आकड्यांनी मोजायची सवय आपल्यालाही लागली आहे. मला हे मापच अपुरे वाटते.

मॅकगी 7 डिसेंबर 1941 रोजी 22 वर्षांचे झाले आणि नेमक्या त्याच दिवशी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. ते तेव्हा इलिनॉय विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांच्या अंगी युद्धाला लागणारे धैर्य आणि बुद्धी नसते, असे मत अमेरिकन लष्करानेच 1925 च्या एका अहवालात नोंदवून ठेवले होते. त्यामुळे त्यांना अलाबामातील टस्किगी येथे, केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या तळावर प्रशिक्षण घ्यावे लागले. 1944 मध्ये इटलीतील रामितेल्लीच्या धावपट्टीवरून ते लाल शेपटीचे मस्टँग हे लढाऊ विमान उडवू लागले.

त्यांच्या 332 व्या गटाचे मुख्य काम बाँबफेकी विमानांना संरक्षण देणे हे होते. शत्रूच्या मागे धावून स्वतःचा आकडा वाढवू नका, बाँबफेकी विमानांची साथ सोडू नका, अशी त्यांचे प्रमुख बेंजामिन डेव्हिस यांची सक्त ताकीद होती. मॅकगी यांनी पाडलेले ते एक विमानही अशाच मोहिमेत, ऑगस्ट 1944 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या आकाशात पडले. एका बाँबफेकी विमानात साधारण दहा माणसे असत, आणि ती सुखरूप परतली म्हणून त्यांच्या रक्षकाच्या नावापुढे कोणी खूण करत नसे.

या गटाने एकही बाँबफेकी विमान गमावले नाही, ही कथा पुढे फार लोकप्रिय झाली. ती खरी नाही. हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी कागदपत्रे तपासली तेव्हा गमावलेली अशी 27 विमाने निघाली. मात्र त्याच हवाई दल विभागातील इतर संरक्षक गटांची सरासरी 46 होती. ज्यांना लष्कराने मुळातच नालायक ठरवले होते, त्यांच्यासाठी हा खरा आकडा पुरेसा बोलका आहे, आणि त्याला दंतकथेचा मुलामा चढवणे मला त्यांच्यावर अन्याय केल्यासारखे वाटते.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 1948 मध्ये सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, त्यानंतर मॅकगी कोरियात पुन्हा मस्टँगमधूनच 100 मोहिमांवर गेले. व्हिएतनाममध्ये, पन्नाशी जवळ आलेली असताना, त्यांनी फँटम या जेट लढाऊ विमानाच्या टेहळणी आवृत्तीतून 172 उड्डाणे केली. या विमानाला तोफ नव्हती, कॅमेरे होते. म्हणजे शत्रूच्या प्रदेशावरून जायचे, छायाचित्रे घ्यायची आणि केवळ वेगाच्या भरवशावर परत यायचे. पाडलेल्या विमानांच्या यादीत अशा उड्डाणांना जागाच नसते. तीन युद्धांत मिळून त्यांच्या मोहिमा 409 झाल्या.

1973 मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. ब्रिगेडियर जनरलचा मानद हुद्दा मिळायला 2020 उजाडले, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. युद्धामुळे हुकलेली पदवी मात्र त्यांनी कोणाची वाट न पाहता 1978 मध्येच, वयाच्या 58 व्या वर्षी, मिळवली होती.