दडवलेला टास्कबार आणि एक तपासणी
विंडोज ७ च्या चाचणी आवृत्तीत दडवलेला नवा टास्कबार (पडद्याच्या तळाची पट्टी) उघडण्याला एका लेखात ‘सुरक्षा मोडणे’ म्हटले आहे. ते मला पटत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायक्रोसॉफ्टच्या परिषदेत विकसकांना दिलेल्या ६८०१ क्रमांकाच्या बिल्डमध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, नव्या टास्कबारचा कोड होताच. संगणक मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत डोमेनमध्ये (कंपनीच्या संगणकांच्या जाळ्यात) आहे का, हे पाहून तो टास्कबार दाखवला जाई, आणि राफाएल रिव्हेरा या प्रोग्रामरने एक्सप्लोररची (डेस्कटॉप व टास्कबार दाखवणाऱ्या प्रोग्रामची) फाइल उकलून नेमकी हीच तपासणी शोधली व ती टाळणारे छोटे साधन सर्वांना दिले. सोलापुरात नवी पेठेत संगणक दुरुस्त करताना मी शिकाऊ मुलांना हे उदाहरण आवर्जून सांगतो. मात्र ग्राहकाच्या संगणकावर असा प्रयोग मी करू देत नाही, कारण एक्सप्लोरर बिघडला तर टास्कबारच काय, डेस्कटॉपही दिसत नाही. अशा प्रयोगासाठी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा वेगळा आभासी संगणक, आहे.